सही म्हणजे होकार नव्हे : मेमो, आरोपपत्र, अप्रेझल आणि नोकरदाराच्या सहीचा इतिहास

विषयाला हात घालण्याआधी एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती आमचीच आहे.

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या टेबलापाशी एक श्रोते थांबले होते. चाळिशीचे गृहस्थ, एका खाजगी कंपनीत सुपरवायझर. खिशातून चार घड्या घातलेला कागद त्यांनी काढला. ‘आपल्या कामात वारंवार सूचना देऊनही सुधारणा नाही’ असा मेमो होता आणि खाली सहीसाठी रेघ. त्यांनी विचारलं, ‘सही करू का?’ आमच्या हातात कप, मागे निघण्याची घाई. आम्ही सांगून मोकळे झालो, ‘अजिबात करू नका.’

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी सही केली नाही. मग कंपनीनं दोन साक्षीदारांसमोर ‘मेमो स्वीकारण्यास नकार’ असा शेरा मारला आणि तोच कागद रजिस्टर पोस्टानं घरी पाठवला. उत्तराची मुदत संपत आली होती, आणि ‘वरिष्ठांचं पत्र घेण्यास नकार’ हा दुसरा आरोप चिकटला होता. सल्ला आमचा, भोग त्यांचे. म्हणून आज हा विषय. सही करावी की करू नये, याचं उत्तर चहाच्या टेबलावर देण्याइतकं लहान नाही. त्याला काही शतकांचा इतिहास आहे.

सुरुवात जुन्या मराठी कागदांपासून करू. पुराभिलेखागारात मराठेशाहीतले महजर पाहायला मिळतात. वतनाचा तंटा असला की गोतसभा बसे, निवाडा होई, आणि त्या कागदावर जमलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगर. कुलकर्ण्याची दौत-लेखणी. बलुतेदारांची ज्याची त्याची हत्यारं. लिहिता न येणारा माणूसही आपल्या धंद्याचं चित्र काढून कागदावर उभा राहत असे. आता गंमत बघा, ‘महजर’ हा शब्द आपल्या ‘हजर’ या शब्दाच्याच कुळातला. म्हणजे त्या निशाणीचा पहिला अर्थ होता, ‘आम्ही इथे हजर होतो, हे आमच्या डोळ्यांदेखत झालं.’

आणखी एक गोष्ट. शिवकालीन पत्राच्या शेवटी एक छोटी मोर्तब असे, ‘मर्यादेयं विराजते’. पत्राची मर्यादा इथे संपली, असा त्याचा अर्थ. ती कशासाठी? तर मोर्तबेच्या खाली कुणी दोन ओळी घुसडू नयेत म्हणून. लिहिणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होतं, की खाली मोकळी जागा सोडलेला कागद धोक्याचा. कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्या आजच्या ठेकेदारालाही हे पक्कं माहीत असतं. सही करणाऱ्याला मात्र अनेकदा नसतं.

आता इंग्रजी अमलात येऊ. साल १८५८, बंगालमधलं जंगीपूर. विल्यम हर्शेल नावाचा तरुण अधिकारी रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार करत होता. कंत्राटदार होता राज्यधर कोनाई. कागद कोनाईनंच लिहिला होता. हर्शेलला वाटलं, उद्या हा माणूस ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणाला तर? म्हणून त्यानं कार्यालयीन शिक्क्याची शाई कोनाईच्या तळहाताला फासली आणि कागदाच्या पाठीवर पंजा उमटवून घेतला. पुढे हुगळीला असताना, १८७७ मध्ये, त्यानं पेन्शनच्या आणि दस्तनोंदणीच्या कामात बोटांचे ठसे सुरू केले. जगभरच्या अंगुलिमुद्राशास्त्राच्या इतिहासात हा प्रसंग मानानं सांगतात. आपण त्याची दुसरी बाजू बघू. तो ठसा कोनाईची ओळख पटावी म्हणून घेतलेला नव्हता. कोनाई तर समोरच बसला होता. ठसा घेतला तो त्यानं उद्या नाकारू नये म्हणून. महजरातली निशाणी ‘मी हजर होतो’ असं सांगत होती. हा पंजा ‘मला आता मागे फिरता येणार नाही’ असं सांगू लागला.

लगेच पुढच्या वर्षी, १८५९ मध्ये, तेरावा कायदा आला. कारागिरानं किंवा मजुरानं उचल घेतली आणि काम सोडलं, तर मालकानं मॅजिस्ट्रेटकडे जावं. मॅजिस्ट्रेट उचल परत करायला किंवा काम पुरं करायला फर्मावणार. मजुरानं ते मानलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. करार मोडला तर तुरुंगात मजूर जाणार, मालक नाही. आसामच्या चहामळ्यांत या कायद्याचा भरपूर वापर झाला, आणि तो रद्द व्हायला १९२५ चा कायदा यावा लागला. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं या देशातल्या मजुराला उचलीच्या कागदावरचा अंगठा थेट तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकत होता. ‘सही करू नकोस रे बाबा’ हा जो सल्ला आपल्या घराघरांत आजोबांपासून चालत आला आहे, त्याची मुळं अशा अनुभवांत आहेत. त्याला अडाणीपणा म्हणून हसण्याचं कारण नाही.

पण मंडळी, त्याच काळात सहीचा एक अगदी वेगळा उपयोगही होत होता, आणि तो आपल्या मुंबईत. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई अशा मागण्यांचं निवेदन तयार झालं. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. पुढे १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये गिरणीमालक संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे बघा, मालकाच्या कागदावर एकट्याची सही म्हणजे बेडी. आणि आपण लिहिलेल्या कागदावर हजारोंच्या सह्या म्हणजे ताकद. प्रश्न सहीचा नाहीच. कागद कुणी लिहिला, त्यात काय आहे आणि त्याखाली आपण एकटे आहोत का, हे प्रश्न आहेत.

गिरणीत त्या काळी शिस्तीची कारवाई कशी चाले? बहुतेक वेळा कागदाशिवाय. मुकादम म्हणेल तो कायदा. एक दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापायचा, त्याला कामगार ‘डबल खाडा’ म्हणत. कापड खराब निघालं की ते विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि किंमत पगारातून वळती करायची. दंड किती, कशाबद्दल, कुणी लावला, याची विचारणा कुणाकडे करणार? पगाराच्या दिवशी हातात पैसे कमी पडले की कळायचं, दंड झाला.

इथे आपल्या आजच्या प्रश्नाला पहिली कलाटणी मिळते. आपल्याला वाटतं, कागद म्हणजे मालकाचं हत्यार. पण गिरणी कामगारांच्या लढ्यातली एक मोठी मागणी नियम कागदावर आणा, अशीच होती. १९२८ चा मोठा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. एका बाजूला ना. म. जोशी यांच्यासारखे नेमस्त पुढारी, दुसऱ्या बाजूला डांगे आणि गिरणी कामगार युनियनचे लाल बावटेवाले. संप मिटला तो चौकशी समिती नेमण्याच्या अटीवर. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या त्या समितीपुढे पगाराच्या दरांबरोबरच मालकांनी तयार केलेल्या स्टँडिंग ऑर्डर्सचीही छाननी झाली. नियम काय असावेत, दंड कशाला व्हावा, कामावरून काढताना काय करावं, यावर मालक आणि कामगार समोरासमोर बसून कलमवार बोलले. तोवर ज्या गोष्टी मुकादमाच्या तोंडी होत्या, त्यांच्यावर आता वाद घालता येऊ लागला. तोंडी हुकुमाला उत्तर देता येत नाही, लेखी हुकुमाला देता येतं.

यानंतर आला १९३६ चा वेतन अदायगी कायदा. त्याचं दंडाबद्दलचं आठवं कलम वाचण्यासारखं आहे. कोणत्या चुकांना दंड होईल त्याची यादी सरकारकडून मंजूर करून कारखान्यात लावायची. पंधरा वर्षांखालच्या मुलाला दंड नाही. दंडाची मर्यादा पगाराच्या रुपयाला अर्धा आणा. दंड हप्त्यानं वसूल करायचा नाही, साठ दिवसांनंतर वसूल करायचा नाही. जमा झालेला दंड मालकाच्या खिशात नाही, कामगारांच्या हितासाठी खर्च करायचा. प्रत्येक दंडाची नोंद वहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कामगाराला कारण दाखवण्याची संधी दिल्याशिवाय दंड नाही. ‘कारणे दाखवा’ हे शब्द ऐकले की आज आपल्या पोटात गोळा येतो. पण ते शब्द कामगाराला मिळाले तेव्हा ती सवलत होती. शिक्षेच्या आधी बोलायची जागा होती.

१९४६ मध्ये औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आपले नियम लेखी करून सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेणं भाग पडलं. कामगारांना हरकती घेता येऊ लागल्या. हे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायचे, असंही कायद्यानं सांगितलं. सुरुवातीला नियम न्याय्य आहेत का, हे तपासण्याचा अधिकार प्रमाणन अधिकाऱ्याला नव्हता. तो १९५६ च्या दुरुस्तीनं आला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं शंभराची मर्यादा तीनशेवर नेली, तेव्हा वाद झाला तो यासाठीच. लहान कारखान्यातला कामगार पुन्हा तोंडी नियमांच्या काळात जातो की काय, ही भीती होती.

या चौकटीतून आरोपपत्राची आजची पद्धत आली. काय घडलं ते स्पष्ट लिहून द्यायचं, खुलासा मागायचा, चौकशी करायची, साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ द्यायची, मग निर्णय. यात कामगाराची सही कुठे येते? तर आरोपपत्र मिळाल्याची पोच म्हणून. ‘आरोप मान्य’ असा तिचा अर्थ होत नाही. आणि ती दिली नाही म्हणून आरोपपत्र नाहीसं होत नाही. साक्षीदार, रजिस्टर पोस्ट, नोटीस बोर्ड असे मार्ग कंपनीकडे असतातच. कागद घेतला नाही, चौकशीला गेला नाही, तर चौकशी एकतर्फी होते आणि कागदावर फक्त एकाच बाजूचं म्हणणं राहतं. अनेक ठिकाणच्या नियमांत आरोपपत्र घ्यायला नकार देणं हेच वेगळं गैरवर्तन ठरवलेलं आहे. आमच्या त्या श्रोत्यांना आम्ही नेमकं याच खड्ड्यात ढकललं.

मग सगळ्यावर सही करावी का? नाही. आणि हेही आम्ही पदरचं सांगत नाही, कायदाच सांगतो. महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा आहे. त्यातल्या अनुचित प्रथांच्या यादीत एक सही नाव घेऊन आली आहे. कायदेशीर संपावर असलेल्या कामगाराला ‘चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र लिहून दे, तरच कामावर घेतो’ असं म्हणणं ही अनुचित प्रथा. पुढे केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यातही हे आलं. का बरं? कारण हमीपत्राची सही पोच नसते. तिचा अर्थ, ‘मी चुकलो होतो आणि पुन्हा तसं करणार नाही’. एकेकाला केबिनमध्ये बोलावून ती घेतली की संघटना न फोडता फुटते.

पण त्या कलमातला ‘कायदेशीर’ हा शब्द विसरू नका. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. त्यामुळे संप बेकायदा ठरला. म्हणजे ज्या संरक्षणाची सर्वांत जास्त गरज होती, ते त्यांच्या दारापर्यंत पोचलंच नाही. कायद्यातल्या एका विशेषणावर लाखो घरांचं नशीब कसं टांगलेलं असतं, ते गिरणगावानं पाहिलं.

आता पांढरपेशांकडे वळू, कारण आज ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना मेमोपेक्षा अप्रेझल जवळचं. सरकारी नोकरीत याला गोपनीय अहवाल म्हणत, आपल्या बोलीत ‘सीआर’. साहेब वर्षभरानं शेरा लिहिणार, आणि प्रतिकूल असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवायचा. बाकी सगळं गुपित. सीमा रस्ते विभागातले एक अभियंता, देव दत्त, यांची बढती अडली. त्यांना १९९३-९४ साली ‘चांगला’ असा शेरा होता. ऐकायला चांगलाच की! पण बढतीसाठी पाचही वर्षं ‘अतिशय चांगला’ लागत होतं. ‘चांगला’ हा प्रतिकूल शेरा नाही, म्हणून तो त्यांना कळवलेलाच नव्हता. कळलाच नाही, तर हरकत कशी घेणार? १२ मे २००८ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक नोंद कळवली पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडू दिलं पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला देण्याचे आणि पंधरा दिवसांत निवेदन स्वीकारण्याचे आदेश काढले. २०१३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठानं तोच निर्णय कायम केला.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध काय? देव दत्तांचं नुकसान सही केल्यानं झालं नाही. कागद समोर आलाच नाही, म्हणून झालं. त्यांच्यासारख्या हजारो लोकांना असा एक कागद हवा होता, ज्यावर ‘पाहिला, पण पटला नाही’ असं लिहिता येईल. तो कागद समोर आल्यावर आपण तोंड फिरवायचं का?

शेवटचं उदाहरण १९८६ चं, ब्रजनाथ गांगुली खटल्याचं. सरकारी जलवाहतूक महामंडळातल्या अधिकाऱ्यांनी नोकरी घेताना महामंडळाच्या अटी मान्य केल्या होत्या. त्यातली एक, तीन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता, कायम कर्मचाऱ्यालाही काढता येईल. महामंडळ म्हणालं, अट मान्य केली होती ना? सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द ठरवली. नोकरी हवी असलेल्या माणसापुढे छापील कागद ठेवला तर त्याला निवड कुठली असते, हा त्यामागचा विचार. आजच्या खाजगी कंपनीतल्या प्रत्येक सहीला हा निकाल वाचवील असं नाही. तो सार्वजनिक संस्थेबद्दल होता. पण ‘सही केली, आता संपलं’ हे गृहीतक त्यानं मोडलं.

तर मंडळी, इतिहासानं आपल्याला सहीचे निरनिराळे अर्थ दाखवले. ते वेगळे करायला शिकलो, की निम्मं काम झालं.

एक सही पोचेची. मेमो, आरोपपत्र, चौकशीची तारीख, अप्रेझलची प्रत. ही करावी. पण मुकी करू नये. ‘मिळाले. मजकूर मान्य नाही. खुलासा स्वतंत्रपणे देत आहे’ असं हातानं लिहावं, त्याखाली सही, त्याखाली तारीख आणि वेळ. ही आपली मोर्तब. तिच्याखाली कुणाला काही घुसडता येऊ नये. प्रत मागून घ्यावी. आज सही पडद्यावरच्या बटणाची असते आणि शेरा लिहायला रकाना नसतो. तेव्हा त्याच दिवशी ईमेल करून तेच शब्द लिहावेत.

दुसरी सही कबुलीची. माफीनामा, ‘माझ्या हातून चूक झाली’ असा तयार मजकूर. चूक झाली असेल तर आपल्या शब्दांत, झाली तेवढीच लिहावी. दुसऱ्यानं टाइप केलेल्या पश्चात्तापावर सही करू नये. साधा ‘सॉरी सर’ चौकशीत पुरावा म्हणून उभा राहतो.

तिसरी सही बांधिलकीची. हमीपत्र, सुधारणा योजनेतली उद्दिष्टं, राजीनामा, हिशोब पुरा मिळाल्याची पावती. ही जागच्या जागी कधीच करू नये. एक दिवस मागावा. घरी न्यावी, जाणत्याला दाखवावी. ‘आत्ताच्या आत्ता करा’ असं कुणी म्हणत असेल, तर ती घाई कुणाच्या फायद्याची आहे हे आपोआप कळतं. आणि कोरा कागद किंवा मागची तारीख घातलेला कागद? त्याला कारण काहीही सांगोत, नाही म्हणजे नाही.

आणि सहीपेक्षा मोठी गोष्ट उत्तर. आमच्या अनुभवात माणसं रेघेवर सही करायची की नाही यावर रात्र जागून काढतात, आणि मुदतीत खुलासा द्यायचा विसरतात. फाइल उघडणारा पुढचा माणूस, मग तो कामगार न्यायालयातला असो की वरिष्ठ अधिकारी, सही आधी बघत नाही. त्या आरोपाला उत्तर आलं होतं का, हे बघतो. कागदपत्रात गप्प बसणं हे मोठेपणाचं लक्षण धरत नाहीत, संमती धरतात.

अर्थात हे सगळं सांगणं सोपं आहे. घराचा हप्ता चालू असताना, समोर तीन साहेब बसलेले असताना, पेन हातात देऊन ‘करताय ना?’ म्हटल्यावर ‘मान्य नाही’ हे दोन शब्द लिहायला छाती लागते. लोखंड्यांच्या निवेदनावर सही करणाऱ्यांनाही ती लागली असेल. फरक एवढाच, की त्यांच्या शेजारी आणखी हजारो अंगठे होते. आपल्या ऑफिसात संघटना नसेल, तरी कागद दाखवायला निदान एक माणूस असावा. तो चहाचा कप हातात धरून उत्तर देणारा नसावा, इतकीच काळजी घ्या.

त्या गृहस्थांनी अखेर उत्तर दिलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दोन पानं, तारीखवार. मेमो न स्वीकारण्याचं कारणही त्यात प्रामाणिकपणे लिहिलं, की चुकीचा सल्ला मिळाला होता. तो सल्ला कुणाचा, हे त्यांनी लिहिलं नाही. निकाल अजून यायचा आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणाच्या खिशात कागद असेल तर आधी नीट वाचून दाखवा. या वेळी आम्हाला घाई नाही.